दगड झालेला माल

गिरडच्या डोंगरावर दोन व्यापाऱ्यांचा माल कित्येक शतकांपासून पडून आहे. त्याला उठाव नाही, त्यावर सवलत नाही, आणि इतक्या वर्षांचं व्याज कुणाच्या खात्यावर चढतंय तेही कुणी सांगत नाही.

गाव वर्धा जिल्ह्यातलं, समुद्रपूर तालुक्यातलं. गावाला लागून डोंगर, डोंगरावर शेख फरीद बाबांचा दरगाह. हिंदू जातात, मुसलमान जातात, आणि माझ्यासारखे चढ चढताना फक्त स्वतःच्या गुडघ्यांचं नाव घेणारेही जातात. वर पायाखाली गोल गोल गोटे लागतात. कुठला बोराएवढा, कुठला सुपारीएवढा, एखादा चांगला मुठीएवढा. त्यांची गोष्ट गावात सांगतात, आणि इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरवाल्या साहेबांनीही ती गंभीर चेहऱ्यानं लिहून ठेवली आहे. नारळ आणि असाच काही माल घेऊन दोन फिरते व्यापारी इथून चालले होते. त्यांनी बाबांची थट्टा केली. बाबांनी सगळ्या मालाचे दगड करून टाकले. व्यापारी पाया पडले, तेव्हा बाबांनी झाडाच्या वाळल्या पानांतून त्यांना नवा माल उभा करून दिला. ते पाहून दोघांनी धंदाच सोडला आणि बाबांच्या सेवेत राहिले. डोंगरावरच्या दोन कबरी त्यांच्याच असं म्हणतात.

माझ्या मामानं गिरडात चाळीस-पन्नास वर्षं किराणा दुकान चालवलं. या गोष्टीकडे तो भक्त म्हणून बघतोच, पण त्याआधी दुकानदार म्हणून बघतो. "दगड झाले, इथपर्यंत मले काही नवल नाही वाटत," तो म्हणतो. "पावसाळ्यात माह्या दुकानात गुळाच्या ढेपीचा दगड होत होता, मिठाच्या पोत्याचा होत होता. पण नुकसान झाल्यावर पुरा माल भरून देणारा दुसरा कोणी मी पाह्यला नाही. आपल्याले तर घाऊकवाला फुटकी बरणी बदलून देत नाही."

या डोंगराशी ज्या बाबा फरीदांचं नाव जोडतात, त्यांना सारा उत्तर भारत 'गंजशकर' म्हणून ओळखतो. म्हणजे साखरेचं भांडार. उपवासात त्यांनी तोंडात टाकलेल्या खड्यांची साखर झाली म्हणून ते नाव पडलं, असं सांगतात. तिकडे खड्यांची साखर, इकडे नारळाचे गोटे. मामाच्या मते, ज्याला दोन्ही बाजूंचा व्यवहार जमतो त्यालाच मोठा माणूस म्हणावं.

आता माझ्यासारखा नागपूरला शिकलेला भाचा अशा वेळी गप्प बसत नाही. मी मामाला भूगर्भशास्त्र समजावून सांगितलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, थोडंफार इकडेतिकडे, दख्खनवर लाव्हारस पसरला. थिजताना त्याच्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांत पाणी झिरपत गेलं आणि आपल्याबरोबर आणलेली खनिजं तिथं ठेवून निघून गेलं. पुढे वरचा खडक झिजला आणि आतले गोटे सुटे होऊन बाहेर पडले. डोंगरावर दिसतात त्यातले पुष्कळसे झिओलाइट. हे नाव १७५६ साली क्रॉन्स्टेट नावाच्या स्वीडिश माणसानं दिलं. त्यानं असला दगड तापवला, तर दगडातून पाणी उकळून बाहेर यायला लागलं. म्हणून ग्रीक भाषेत 'उकळणारा दगड'.

मामानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे नारळातलं पाणी अजून आहे त्याच्यात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. क्रॉन्स्टेटकडेही नसावं.

मात्र त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक किडा वळवळतो आहे. ते नारळ दगड झाले नसते, तर आठवड्याभरात फुटले असते, खोबरं कुणाच्या तरी भाजीत गेलं असतं आणि करवंट्या चुलीत. दगड झाले म्हणून टिकले. खाण्याच्या उपयोगाचे राहिले नाहीत, म्हणून लोक वाकून बघायला लागले. मराठीत 'गारगोट्या' हा शब्द आपण कवडीमोल या अर्थानं वापरत आलो, आणि नाशिकजवळ सिन्नरला त्याच 'गारगोटी' नावाचं खनिजांचं मोठं संग्रहालय उभं आहे. तिथं हे झिओलाइटचे भाऊबंद काचेच्या कपाटात, खालून दिवे सोडून ठेवलेले असतात. गोट्याचं नशीब फिरायला दोनच गोष्टी लागतात. तो निरुपयोगी पाहिजे आणि त्याच्यावर उजेड पाहिजे.

हा किडा पुन्हा जोरात वळवळला तो माझा मामेभाऊ पुण्याहून टेम्पो घेऊन आला तेव्हा.

मामेभाऊ संगणकाच्या धंद्यात आहे. बाणेरला अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सजावटवाला म्हणाला, तुमच्या घराला 'मुळं' पाहिजेत. अकराव्या मजल्यावर मुळं. म्हणून हा दिवाळीला गिरडला आला तो मुळं खणूनच न्यायच्या तयारीनं. फोनवर त्यानं मामीला एवढंच सांगितलं होतं, "आई, जे जे जुनं असेल ते काढून ठेव."

मामीनं काढून ठेवलं. आणि लेक इतक्या लांबून नेणार म्हणून दोन दिवस खपून सगळं चिंच आणि राखेनं घासलं. घंगाळ, परात, तांबे, पानाचा डबा, पितळी समई, कुणी मेल्यावर कुणीतरी दिलेला पंचपात्र-पळीचा संच. अंगणात असा लखलखाट झाला होता की डोळ्यांवर हात धरावा लागावा. मामेभाऊ आत आला आणि मटकन ओट्यावर बसला.

"आई, हे काय केलंस? पटिना गेली सगळी!"

"कोण गेली?" मामी घाबरून म्हणाली.

पटिना म्हणजे काय हे त्यानं तिला समजावलं. जुन्या धातूवर वर्षानुवर्षं चढलेला तो काळपट, हिरवट थर. तोच तर खरा ऐवज. जाणकार त्याचेच पैसे मोजतात.

"मळ म्हण ना मंग," मामी म्हणाली. "साठ वर्षं मी तेच काढत राह्यले."

मामाची किंमत ठरवायची रीत वेगळी. त्याला सगळं वजनावर कळतं. पितळ अमुक किलो, तांबं तमुक किलो, लोखंड कबाड्याच्या भावानं. दुकानात अजून त्याची जुनी मापं आहेत: पायली, अडशेरी, शेर, पावशेर. १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली आणि नंतरच्या चार-सहा वर्षांत शेर-पायली बाजारातून उठली. मामाच्या बापानं तीच मापं दुकानात लपवून कितीतरी वर्षं वापरली, कारण गिऱ्हाइकाला किलोवर विश्वास नव्हता. त्या पायलीवर सरकारी मोहोर आहे. मामेभावानं ती पायली छातीशी धरली आणि म्हणाला, यात मी मनी प्लांट लावणार.

"भोक पाडशील?" मामानं विचारलं.

"पाणी जायला पाडावं लागेल."

मामाचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्याच्यासमोर तराजूच्या दांडीला चुंबक लावलं. ज्या मापात एक चिमूट कमी पडली तर गिऱ्हाईक चार घरी बोंब मारेल म्हणून बापानं जन्मभर काठोकाठ भरलं, त्याला भोक पाडायचं. धंद्यातली याहून मोठी बेइमानी त्याला सुचत नव्हती. पण मामा बापही होता. "ने," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

बंडीची दोन चाकं होती. बंडी केव्हाच मोडली, चाकं गोठ्यात टेकून उभी. एक चाक छताला आडवं टांगून त्याला दिवे लटकवायचे होते. चाक जमिनीवर फिरायचं, ते आता छताखाली फिरू नये यासाठी कारागीर बोलावणार. गोठ्याचं जुनं सागवानी दार काढून त्याचं जेवायचं टेबल करायचं होतं. काच टाकून. "म्हणजे दारावर जेवायचं," मामी म्हणाली. "दारात जेवू नये म्हणत होते. दारावर चालत असन."

जात्यापाशी मात्र मामी अडली.

जातं ती देणार नव्हती. तिचं म्हणणं सरळ होतं. उद्या घरात लग्न निघालं तर मुहूर्ताला जातं लागतं, हळद दळायला लागते. तेव्हा ते आणायला पुण्याला जाऊ का? मामेभाऊ म्हणाला, आई, आता लग्नात जातं भाड्यानं मिळतं. हे खरं आहे, मी स्वतः बघितलं आहे. नागपूरच्या एका लग्नात मंडपवाल्यानं जातं आणलं होतं. त्याला बाहेरून रंग दिलेला, वारली माणसं काढलेली, खुंट्याला झेंडूची माळ. आत दळलेल्या हळदीचं पाकीट ओतलं. नवरीनं शिवलेली नऊवारी, म्हणजे मागून चेन असलेली, घालून जातं फिरवलं. दळलेली हळद पुन्हा दळली. छायाचित्रकार म्हणाला, "हळू, ताई, हळू, पीठ उडू द्या." मग 'थांबा' म्हणाला. मग 'हसा'. मग शेजारी बसलेल्या आत्याबाईंना म्हणाला, "तुम्ही ओवी म्हणतायसं तोंड करा." आत्याबाईंनी केलं. आत्याबाईंना शंभर तरी ओव्या येत होत्या, पण आवाज कुणाला नको होता. मागे सनईची ध्वनिफीत चालू होती.

मला त्या मंडपवाल्याबद्दल तक्रार नाही. त्याच्याकडे अशी चार जाती आहेत आणि लग्नसराईत एकही मोकळं नसतं. आमच्या खानदानातलं कुठलंही जातं इतकं फिरलेलं नाही.

जातं राहिलं. पाटा गेला. पाटा बाणेरच्या गॅलरीत भिंतीला टेकून उभा आहे आणि त्याच्यावर एक छोटा दिवा तिरपा सोडला आहे. वरवंटा मामीनं दिला नाही. बारशाला वरवंट्याला अंगडं-टोपडं घालून पाळण्याखालून घेतात, मग वरवंटा गेल्यावर नातवंडाच्या बारशाला काय, मिक्सरचं भांडं फिरवायचं? तेव्हा पाटा पुण्यात आणि वरवंटा गिरडात, असा त्या जोडप्याचा या वयात संसार तुटला.

टेम्पो भरता भरता मामेभावानं एक कायदा सांगितला. १९७२ चा पुरावशेष कायदा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांना तर पंचाहत्तर वर्षंच पुरतात. त्याला भीती होती की पुढेमागे तो अमेरिकेत गेला तर घंगाळ इथंच अडकेल. मामा खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होता. तो चौऱ्याऐंशीचा आहे.

"म्हणजे अजून सोळा वर्षं थांबलो," मामा म्हणाला, "का मले बी परदेशात नेता येत नाही म्हण की."

"बाबा, तुम्ही वस्तू नाही."

"नाई ना. वस्तू असतो तं टेम्पोत जागा झाली असती."

त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. मामेभाऊ दोर बांधत राहिला.

जुन्या वस्तूंचं वेड वर्धा जिल्ह्याला नवं नाही, आणि त्यातली सगळ्यात मोठी गंमत याच जिल्ह्याची आहे. गांधीजी १९३६ साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, येऊन राहिले. वस्तू जमवण्याच्या बाबतीत या माणसाइतकं कच्चं गिऱ्हाईक कुठल्याही दुकानाला मिळालं नसेल. चष्मा, घड्याळ, चपला, एक ताट, एक वाडगा. झालं घर. आणि नेमका हाच संसार २००९ साली न्यूयॉर्कात लिलावाला निघाला: चष्मा, खिशातलं घड्याळ, चपला, ताट, वाडगा. बोली १८ लाख डॉलरांवर गेली आणि तो घेतला विजय मल्ल्यांनी. त्यांचा धंदा काय होता ते सांगायला नको. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. म्हणजे बापूंचं ताट ज्या पैशांनी सोडवलं, तो पैसा ज्या बाटलीतून आला, ती बाटली घेऊन सेवाग्रामच्या फाटकापर्यंत जायची सोय नाही.

पुढे २०२० साली इंग्लंडात ब्रिस्टॉलच्या एका लिलावगृहाच्या पत्रपेटीत कुणीतरी साधं पाकीट सारून गेलं. सुट्टीचे दोन दिवस ते अर्धं बाहेर लोंबकळत होतं. आत गांधीजींचा चष्मा. तो २ लाख ६० हजार पौंडांना गेला. आणि इकडे २०११ साली बातमी आली होती की सेवाग्रामच्या आश्रमातलाच त्यांचा चष्मा नाहीसा झालेला आहे. एवढ्या मोठ्या जगात त्या माणसाचे चष्मे शोधत फिरणारे किती, आणि त्यातून बघणारे किती, हा हिशेब मी मामाकडे मागितला नाही, कारण तो वजनावर उत्तर देईल.

याच वर्ध्यात मगन संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्याच हातून त्याचं उद्घाटन झालं. 'संग्रहालय' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे गेलं त्याचा कोठा येतो. यांनी मात्र जे चालावं त्याचा मांडला. चरखा, घाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या. गांधीजींचे अर्थतज्ज्ञ सहकारी कुमारप्पा आणि ग्रामोद्योग संघाची मंडळी या वस्तू बघायला नव्हे, तर नेऊन वापरायला ठेवत होती. रॉकेल नको म्हणून वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' नावाचा दिवा त्यांनी काढला होता. आता असा दिवा कुणी केला तर तो दोन ठिकाणी विकला जाईल: एक तर भेटवस्तूंच्या दुकानात, नाहीतर ज्या हॉटेलात वीज मुद्दाम कमी ठेवतात आणि जेवणाचं बिल मुद्दाम जास्त, तिथं.

घाणीचं तेल तर आमच्याच घरातला विषय. मामाच्या दुकानात एके काळी घाणीचं जवसाचं, तिळाचं तेल डब्यातून मापानं विकलं जायचं. वास यायचा, खाली गाळ बसायचा. मग पिशवीबंद, दोनदा शुद्ध केलेलं, पाण्यासारखं तेल आलं आणि गिऱ्हाईक मामाला सांगू लागलं, हे वासाचं नको, ते शहरातलं द्या. मामानं घाणीचं तेल ठेवणं बंद केलं. मागल्या वर्षी मामेभाऊ पुण्याहून मामाला भेट म्हणून बाटली घेऊन आला. काचेची, गळ्याला सुतळी बांधलेली, तपकिरी कागदावर बैलाचं चित्र. मामानं बूच काढून हुंगलं, बाटली उलटी करून खालचा गाळ बघितला, मग किंमत वाचली.

"हे तं माह्या दुकानातलं परत आलेलं तेल आहे," तो म्हणाला.

मामेभावाची मी थट्टा करतो आहे खरा, पण जमवणारा माणूस नसता तर काय राहिलं असतं, हेही मला ठाऊक आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांचा चष्म्यांचा व्यवसाय होता, 'अज्ञातवासी' नावानं ते कविता करत, आणि उरलेला जन्म त्यांनी लोकांच्या अडगळीच्या खोल्यांत घालवला. दिवे, दौती, पानाचे डबे, दरवाजे, आणि अडकित्ते तर असे की पोपटाचे, घोड्याचे, बाईच्या आकाराचे. अल्पवयात गेलेल्या मुलाच्या नावानं संग्रहालय केलं. वीस हजारांहून जास्त वस्तू. आणि विनोबा. पवनारला धाम नदीकाठी आश्रमाचं शेत खणताना त्यांना राम आणि भरताच्या भेटीचं जुनं दगडी शिल्प सापडलं. विनोबांनी ते काचेत घातलं नाही. तिथंच त्याचं मंदिर झालं. दगड निघाला आणि थेट कामाला लागला.

केळकरांच्या संग्रहालयात मामाला एकदा घेऊन गेलो होतो. अडकित्त्यांच्या कपाटासमोर तो फार वेळ उभा राहिला. मला वाटलं भारावला. बाहेर आल्यावर म्हणाला, "एकालेही तेल नाई पाजलं. सुपारी नाई फुटायची त्यायच्यानं." मी म्हटलं, गिरडच्या डोंगरावरची फोडायची आहे का? तो म्हणाला, "तिची जोडी बरोबर जमते. न फुटणारी सुपारी आन् न फोडणारा अडकित्ता."

आता गुंडाची गोष्ट सांगायची राहिली.

आमच्याकडे पाण्याच्या मोठ्या पितळी भांड्याला गुंड म्हणतात. मामीला लग्नात माहेरून एक मिळाला होता. साधारण १९८४-८५ च्या सुमारास दारावर भांडेवाला आला तेव्हा तिनं तो मोडीत घालून त्यावर स्टीलची टाकी आणि चार डबे घेतले. तेव्हा साऱ्या गल्लीनं हेच केलं. स्टील म्हणजे प्रगती होती. न घासता चमकायचं. मामीला त्याचं दुःख कधीच नव्हतं. दुःख झालं ते मामेभावाला, तेही चाळीस वर्षांनी, सजावटवाल्यानं 'इथं एक मोठं पितळी भांडं हवं' असं कोपऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं तेव्हा. गिरडला गुंड मिळाला नाही, म्हणून त्यानं पुण्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतला. किंमत त्यानं मला सांगितली, पण मामाला सांगू नको म्हणाला. सांगायचीच तर इतकंच सांगीन की त्या पैशात मामीनं तेव्हा घेतलेल्या तशा टाक्या गल्लीतल्या प्रत्येक घराला एकेक देता आल्या असत्या.

मागच्या उन्हाळ्यात मामा-मामी बाणेरला राहायला गेले. मीही दोन दिवस होतो. गुंड कोपऱ्यात उभा होता, पटिनासकट. त्याच्यात सुनेनं वाळलेली पानं आणि वाळलेलं उंच गवत खोचलं होतं. ती पानं विकत आणलेली होती, खोक्यातून घरपोच. खोक्यावर चिकटवलेलं बिल मामानं चष्मा लावून वाचलं, दोनदा वाचलं.

"बाबानं वाळल्या पानांचा माल केला होता," तो मला हळूच म्हणाला. "इथं वाळली पानंच माल आहेत."

मामीचं लक्ष बिलाकडे नव्हतं. ती गुंडाच्या गळ्यापाशी बोट फिरवत होती. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची रीत होतीच. पंगतीत भांडं हरवू नये, आणि कुणी काय दिलं ते जन्मभर लक्षात राहावं म्हणून. या गुंडावरही अक्षरं होती. पुढची अक्षरं घासून घासून पुसून गेली होती. उरलं होतं एवढंच: '...बाईस माहेरकडून सप्रेम १९५२'.

"कोण असन ही?" मामी म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी खांदे उडवले. कुणाची तरी आई, कुणाची तरी आजी. कुठल्या गावची, तेही नाही. मामेभाऊ कौतुकानं म्हणाला, "प्रोव्हेनन्स नाही, पण साल आहे, ते महत्त्वाचं." वस्तूच्या मूळ मालकीची कूळकथा या अर्थाचा तो शब्द मामीला कळला नाही, सुदैवानं. तिला एवढंच कळलं की आपल्या लेकाच्या घरात कुणा दुसरीचं माहेर येऊन पडलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोलता बोलता म्हणाली, "बाईसच्या गुंडातली पानं काढून ठेवली मी गॅलरीत." नाव पुसलं होतं म्हणून मामीनं उरलेलंच नाव घेतलं. तेव्हापासून त्या घरात गुंडाच्या मूळ मालकिणीला सगळे बाईस म्हणतात. मामीनं गुंड चिंचेनं घासला, सून ऑफिसात होती तेवढ्यात. मग तीनदा विसळला आणि नळाखाली भरून ठेवला. संध्याकाळी मामेभावानं पाहिलं आणि काही बोलायला तोंड उघडलं, पण मामी म्हणाली, "लग्नातलं भांडं कोरडं ठेवू नाही, लेका. ती कुठंही असन, पण तिले वाईट वाटते."

पटिना दुसऱ्यांदा गेली.

तिसऱ्या दिवशी सोसायटीचं पाणी गेलं. टँकर सकाळी येणार होता, मग दुपारी येणार होता, मग येतोय म्हणाला. अकराव्या मजल्यावर सगळ्या नळांतून हवा येत होती. स्वयंपाकघरातल्या शुद्धीकरणाच्या यंत्राचा लाल दिवा लागला आणि ते 'पीं पीं' करायला लागलं. शेजारच्या फ्लॅटातली बाई दोन बाटल्या घेऊन आली, मग समोरच्या फ्लॅटातले आजोबा तांब्या घेऊन आले. मामी गुंडाशेजारी पाट टाकून बसली होती आणि ओगराळ्यानं मोजून देत होती. मामा खुर्चीत बसून मापावर नजर ठेवून होता. "काठोकाठ भर," मधूनच म्हणत होता, "कमी देऊ नको."

रात्री मामेभाऊ आपला कॉफीचा मग घेऊन आला. गुंड तळाला आला होता. मामीनं तो थोडा कलता केला, उरलेलं पाणी मगात ओतलं, आणि खालची फरशी हातानं चाचपून बघितली.

"चांगल्या घरची होती बाईस," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत गळला नाई."